माणसांविषयीच्या ज्ञानाची खोती

मानववंशशास्त्रावरील शोधनिबंध कोणाला वाचावयास मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, या प्रश्नाची चर्चा पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असे काही सहकारी विचारतील. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न आ वासून उभे असताना विद्वानांच्या ग्रंथालयाची चिंता आपण का वाहावी? आक्षेप प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. हा प्रश्न अनुसूचित जमातीच्या दाखल्याचा आहे, वनजमिनीवरील हक्काचा आहे. तो विद्वानांवर सोडून दिला, हीच आपली चूक झाली.

महाराष्ट्रात ठाकूर, महादेव कोळी किंवा हलबा म्हणून दाखला मागणाऱ्या तरुणाची पडताळणी कशी होते ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार त्याच्या जमातीची मानववंशशास्त्रीय वैशिष्ट्ये, दैवते, विवाहाचे आणि अंत्यविधीचे रीतिरिवाज तपासले जातात. हे साम्य म्हणजे प्रत्येक प्रकरणी अंतिम कसोटी नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तथापि तपासणी संपलेली नाही. दुसरे उदाहरण वनहक्क कायद्याचे. २००६ च्या त्या कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांतील तेराव्या नियमात दाव्याचा पुरावा म्हणून भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणासारख्या मान्यवर संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे अभ्यास ग्राह्य धरले आहेत. म्हणजे ज्याला आपण पुस्तकी ज्ञान म्हणून बाजूला सारतो, त्याच्यावर एखाद्या मुलाचा वैद्यकीय प्रवेश आणि एखाद्या ग्रामसभेचे जंगल अवलंबून असू शकते.

आता हे ज्ञान आहे कोठे? रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड १९१६ साली निघाले. एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यावरील तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. त्यांचे दाखले न्यायालयीन निकालपत्रांतून आजही आढळतात. हे ग्रंथ आंतरजालावर कोणालाही फुकट मिळतात, कारण त्यांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले. परंतु ते लिहिले गेले राज्यकारभाराच्या सोयीसाठी. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरविणाऱ्या राजवटीचीच ती दृष्टी होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या दृष्टीची चिकित्सा करणारे, जमाती म्हणजे गोठलेले नमुने नसून स्थलांतर करणारे, बदलणारे, लढणारे समाज आहेत असे दाखविणारे संशोधन गेल्या अर्धशतकात विपुल झाले. त्यातील फार मोठा भाग मात्र परदेशी प्रकाशन कंपन्यांच्या कुलपात आहे. एक शोधनिबंध उघडण्यास तीस-चाळीस डॉलर, म्हणजे शेतमजुराची आठवडाभराहून अधिक दिवसांची मजुरी मोजावी लागते. साहेबाने केलेला अपमान फुकट आणि त्याचे खंडन मात्र विकत, अशी ही व्यवस्था आहे.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला या धंद्याचे गणित सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या कुटुंबाने आपली वंशावळ, गाणी आणि दुःखे संशोधकाला सांगितली, त्याला मोबदला नाही. संशोधकाचा पगार किंवा शिष्यवृत्ती बहुधा सार्वजनिक पैशांतून येते. निबंध तपासणारे परीक्षक विनामूल्य राबतात. शेवटी स्वामित्वहक्क कंपनीच्या नावे लिहून घेतले जातात आणि तोच माल त्याच विद्यापीठांना वर्गणीच्या रूपाने विकला जातो. या क्षेत्रातील सर्वात बलाढ्य कंपनीच्या विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा उलाढालीच्या ३५ टक्क्यांहून अधिक असतो. कोकणात जमीन कसणारा कुळ असे आणि मधला खोत नुसता वसुलीचा धनी असे. ही ज्ञानाची खोती आहे.

यावर केंद्र सरकारने काढलेला तोडगा म्हणजे ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. शासकीय संस्थांतील सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांना तिचा लाभ मिळावयाचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जे कधी दिसले नसते ते दिसू लागले, हा लाभ नाकारण्याचा कोतेपणा आपण करू नये. पण योजनेचे स्वरूप ओळखले पाहिजे. कुळाचा खंड सरकारने खोताला परस्पर चुकता करावा आणि खोती तशीच ठेवावी, असा हा व्यवहार आहे. वर्षाला सरासरी दोन हजार कोटी रुपये देऊनही मालकीचा एक कागद जनतेच्या हाती येत नाही. करार संपला की दार पुन्हा बंद. शिवाय दाव्याची कागदपत्रे जमविणारी ग्रामसभा, तिचा कार्यकर्ता, तालुका न्यायालयातील वकील यांपैकी कोणीही या योजनेच्या यादीत बसत नाही. ज्याच्याविषयी लिहिले गेले, तोच बाहेर राहिला.

कुलूप चुकवून आत जाण्याच्या वाटाही बुजविल्या जात आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. २०१६ साली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. शिक्षणासाठी काढलेल्या प्रती ही चोरी नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. परंतु निबंध फुकट उपलब्ध करणाऱ्या साय-हबवर कंपन्यांनी २०२० साली त्याच न्यायालयात खटला भरला आणि २०२५ साली ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश मिळविला. दरम्यान २०२४ साली टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने आपल्या साठ्यातील मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मायक्रोसॉफ्टला वापरू देण्याचा करार केला; त्याची सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलर होती. विद्यार्थ्याने वाचले तर चोरी आणि यंत्राने वाचले तर व्यापार!

येथे आपल्याच गोटातील एका घाईविषयी बोलले पाहिजे. ‘सगळे खुले करा’ ही घोषणा सोपी आहे, पण अपुरी आहे. एखाद्या पाड्याच्या देवस्थानाची जागा, घराण्यांच्या वंशावळी, आजारपणाच्या कहाण्या जगभर उघड्या टाकणे म्हणजे मुक्ती नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावगृहाने नागा पूर्वजाची कवटी विक्रीस काढली होती. नागा समाजातून संतापाची लाट उठल्यावर ती मागे घेतली गेली. लुटीचा माल सर्वांना पाहता येतो म्हणून तो लुटीचा राहत नाही असे नाही. ज्ञानसामग्रीवर त्या त्या समाजाचे नियंत्रण असावे, तिचा लाभ त्याला मिळावा, अशी तत्त्वे जगभरातील मूलनिवासींच्या संघटनांनी २०१९ साली मांडली आहेत. त्यांचा समाजवादी अर्थ सरळ आहे: कंपनीची मालकी जावी आणि तिच्या जागी ज्यांचे जीवन त्या पानांत आहे त्यांचा अधिकार यावा.

दुसरा आक्षेप खुद्द आदिवासी संघटनांकडून येईल. बोगस दाखल्यांनी त्यांच्या जागा लुटल्या गेल्या आहेत, तेव्हा पडताळणी कडक हवी, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु कडक पडताळणीला बंद पुस्तकांची गरज नसते. खोटा दावेदार पैसे मोजून जुन्या ग्रंथातील वर्णन पाठ करून येतो. खरा मात्र आपल्या बदललेल्या रूढी सांगतो आणि संशयित ठरतो. तपासणारा आणि तपासला जाणारा या दोघांपुढे अद्ययावत अभ्यास उघडा असेल, तरच न्याय होईल.

हे अशक्य नाही. ब्राझीलने सार्वजनिक पैशांतून १९९८ साली ‘सायेलो’ हे शोधपत्रिकांचे खुले भांडार सुरू केले आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश त्यात सामील झाले. आपल्याकडे ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे लाखो प्रबंध विनामूल्य वाचता येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावे असा प्रघात होता, त्यांच्यातील एक स्वतः लिहू लागला होता. तो निबंध आज खेड्यातील मुलालाही मिळतो, कारण महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन सार्वजनिक खर्चाने प्रसिद्ध केले. तोच निबंध आज लिहिला गेला असता, तर कोणत्या कंपनीच्या कुलपात पडला असता याचा विचार करावा.

म्हणून पक्षाने तीन मागण्या उचलाव्यात. सार्वजनिक पैशांतून झालेले प्रत्येक संशोधन प्रसिद्धीबरोबरच खुले व्हावे, आणि त्यासाठी लेखकाकडूनच शुल्क उकळण्याची नवी वाट कंपन्यांना मिळू नये. पडताळणी समिती किंवा वनहक्क समिती ज्या अभ्यासाचा आधार घेईल, त्याची प्रत संबंधितांना विनामूल्य आणि मराठीत मिळावी. ज्या समाजाचा अभ्यास झाला, त्याच्या ग्रामसभेकडे त्याची एक प्रत परत यावी आणि काय जाहीर करावे, काय नाही, यात तिचा शब्द असावा. आदिवासी भागात काम करणाऱ्या प्रत्येक शाखेने पुढील सभेत हे ठराव मांडावेत.

खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले, तेव्हाही हा प्रश्न किरकोळ आहे, असे म्हणणारे होतेच. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ती कुळांच्या संघटित लढ्यामुळे गेली, खोतांच्या सद्‌बुद्धीमुळे नव्हे.