किटली जप्त झाली, त्यानिमित्ताने...

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी लेख मागताना संपादक म्हणाले, "काहीही लिही, पण जरा वजनदार लिही." माझ्याकडे वजनदार विषय एकच आहे. तो दीड लिटरचा आहे आणि सध्या रेक्टर ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद आहे. माझी किटली!

आता तुम्ही म्हणाल, किटली जप्त होणं यात नवीन ते काय? दर सेमिस्टरला रूम चेकिंग होतं. दर सेमिस्टरला कुणाची कॉइल, कुणाची शेगडी, कुणाची इस्त्री जाते. खरं आहे. पण माझी किटली ज्या कारणासाठी चालू होती, ते कारण आधी ऐका.

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटला टायफॉइड झाला. तिचं घर लांब आणि प्रवास करायची ताकद नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पचायला हलकं, मऊ खायला द्या. दुपारी मेसचे काका तिच्यासाठी आठवणीने मऊ भात वेगळा काढायचे. प्रश्न होता रात्रीचा. साडेनऊला मेसच्या स्वयंपाकघराला कुलूप लागतं. ताटात असायचा तर्रीवाला रस्सा आणि मोकळा फडफडीत भात. तो बघूनच तिला मळमळायचं. फोनवरून मागवायचं म्हटलं तर बिर्याणी वीस मिनिटांत येते, पण साधी पेज काही कुठे मिळाली नाही.

मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "कणीची पेज कर." मी विचारलं, "कणी किती, पाणी किती?" आई म्हणाली, "अगं, अंदाजाने घे." मी वैतागले. "आई, मी इंजिनिअरिंगला आहे, मला आकडा सांग!" पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग तिने उलट प्रश्न विचारला, "बरं, तुझ्याकडे आहे काय काय?"

माझ्याकडे होती एक किटली, एक थर्मास आणि काकांनी कागदात बांधून दिलेले दोन मुठी तांदूळ. आईने फोनवर सांगितलं आणि मी करत गेले. तांदूळ धुऊन तासभर भिजवायचे. भिजलेला दाणा बोटांनी चुरडला की फुटतो, झाली कणी. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घ्यायचा. त्यात कणी आणि चिमूटभर मीठ घालायचं. वरून आठपट उकळतं पाणी ओतून झाकण घट्ट लावायचं. मध्ये एकदा हलवायचं आणि दोन-तीन तास वाट बघायची. साडेअकराला झाकण उघडलं तेव्हा आत खरोखरची पेज होती. रूममेटने अर्धी वाटी प्यायली आणि ती पोटात राहिली. त्या आठवड्यात मला इतका आनंद दुसऱ्या कशानेच झाला नाही. आमच्या थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना कळलं असतं तर त्यांनाही झाला असता.

पुढच्याच आठवड्यात चेकिंग झालं आणि किटली गेली. वर दंड.

आता इथे मी चिडून चार पानं लिहू शकते. पण प्रामाणिकपणे सांगायचं, तर त्या दिवशी रेक्टर मॅडमनी मला हाताला धरून भिंतीजवळ नेलं आणि आमचं सॉकेट दाखवलं. भोवती तपकिरी डाग पडला होता. प्लास्टिक एका कोपऱ्यात मऊ होऊन वाकलं होतं. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

मग मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. (मी मेकॅनिकलची, पण बेसिक इलेक्ट्रिकल फर्स्ट इयरला सगळ्यांनाच असतं. तेव्हा सबब चालणार नाही.) किटली १५०० वॅटची. २३० व्होल्टला भागलं की साडेसहा अँपिअर होतात. खोलीतलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणजे एकटी किटलीच मर्यादेबाहेर! त्याच एक्स्टेन्शनवर शेजारणीची १००० वॅटची इस्त्री लागली की एकूण जवळजवळ अकरा अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सॉकेटला सोसायची त्याच्या सव्वातीन पट. आणि सर्किटचा एमसीबी १६ अँपिअरचा, त्यामुळे तो पडलाच नाही. मधल्या मधे सॉकेट मुकाट्याने भाजत राहिलं. व्हायव्हाला हा प्रश्न आला असता तर मी फाडफाड उत्तर दिलं असतं. खोलीत मात्र पलंगाशेजारी रोज तेच करत होते.

तेव्हा मॅडमचा नियम बरोबर आहे. पण म्हणून माझी पेज चुकीची होती का? माझं मत आहे, नाही. चुकीची होती ती जागा. आणि या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

हॉस्टेलवर स्वयंपाक बंद आहे, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात तो कधीच बंद नव्हता. तो फक्त लपून चालतो. लपून चालल्याने दोन नुकसानं होतात. पहिलं, धोका वाढतो. दुसरं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. जे लपून करायचं ते कुणी लिहून ठेवत नाही. एक बॅच पास आउट होते आणि तिच्याबरोबर तिचं सगळं शहाणपण निघून जातं. पुढची बॅच पुन्हा मॅगीपासून सुरुवात करते!

आमच्याच विंगमध्ये बघा. सोलापूरकरणीने पहिल्या वर्षी शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून दिली, तेव्हा मेसच्या चपातीला पहिल्यांदा चव आली. अमरावतीच्या दोघी संध्याकाळी कच्चा चिवडा करतात. चुरमुऱ्यांवर कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, शेंगदाणे, की झालं. यात विजेचा संबंध येतो कुठे?

आणखी काही माझ्या वहीतून देते. मापं वाटी-चमच्याची आहेत, कारण हॉस्टेलवर वजनकाटा नसतो.

दडपे पोहे: आमच्या आजीकडची कोकणातली पद्धत, हॉस्टेलसाठी बदललेली. दोन वाट्या पातळ पोहे घ्या. एक कांदा आणि एक काकडी बारीक चिरून घ्या. (खरं तर ओला नारळ हवा. पण खोवणी कुठून आणणार?) मिरची, मीठ आणि चमचाभर साखर हाताने चुरडून कांद्याला लावा. त्याला पाणी सुटतं. त्यात पोहे मिसळा, लिंबू पिळा, वर ताट ठेवा आणि ताटावर जाडजूड मशीन डिझाइनचं पुस्तक. वीस मिनिटं दडपून ठेवा. पुस्तकाचा इतका प्रत्यक्ष उपयोग दुसरा नाही.

पोळीचा लाडू: मेसमधून उरलेल्या चार चपात्या हाताने बारीक कुस्करा. त्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि दोन चमचे घरून आलेलं तूप घाला. गूळ मऊ होईपर्यंत मळा आणि वळा. शिळ्या चपातीला नावं ठेवणारे सगळे हा लाडू मागून खातात, हा स्वानुभव.

श्रीखंड: पाकिटातलं अर्धा किलो घट्ट दही घ्या. नवा, धुतलेला सुती रुमाल घ्या आणि त्यात बांधून रात्रभर टांगा, खाली वाडगं ठेवा. सकाळी निम्म्याच्या आसपास चक्का उरतो. पिठीसाखर आपल्या चवीने घाला. पुरणयंत्र नसतं, म्हणून चहाच्या गाळणीतून चमच्याने घासून काढा. हे थंडीतच करा, उन्हाळ्यात चक्का आंबट होतो आणि मग साखर परवडत नाही.

झटपट उपमा: घरूनच रवा फोडणीत खमंग भाजून, मीठ घालून, गार करून डब्यात आणायचा. एक वाटी मिश्रणावर दीड ते दोन वाट्या उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं. आता हे उकळतं पाणी कुठून आणायचं, ते मात्र मला विचारू नका. माझी किटली कपाटात आहे.

तर सांगायचा मुद्दा असा, की हे सगळं लिहिताना मला माझीच एक गोष्ट कळली. मला स्वयंपाकाचं मराठीच येत नव्हतं. आई 'आधण ठेव' म्हणाली तेव्हा काय ठेवायचं ते मला माहीत नव्हतं. फोडणीला इंग्रजी पाककृतीत 'टेम्परिंग' म्हणतात. ते वाचून मला मटेरियल सायन्स आठवलं, कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवायचं ते टेम्परिंग! चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही मापं आहेत आणि ती हाताला चिकटलेलीच असतात, हे मला विसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, १९७० साली आलेलं. आजीची प्रत आता सुटी सुटी झाली आहे. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत. पूर्वी मला ते गावठी वाटायचं. आता वाटतं, ज्या मुलीची आई जवळ नाही तिला 'अंदाजाने' म्हणून भागत नाही. तिला कुणीतरी वाटीने मोजून सांगावं लागतं. आणि एकदा वाटीने मोजून केलं, की दहाव्या वेळी अंदाज आपोआप येतो. लॅबमध्ये तरी वेगळं काय होतं?

इथे मुलांनी पान उलटू नये! हा लेख 'मुलींसाठी' नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा एका काकांनी कौतुक केलं, "वा, हॉस्टेलवर राहून स्वयंपाक शिकलीस, आता काळजी मिटली." माझा भाऊसुद्धा हॉस्टेलवर राहतो. त्याची काळजी कुणालाच नव्हती. टायफॉइड मुलगा-मुलगी बघून होत नाही. मुलांच्या हॉस्टेलवर आजारी मित्राला बिस्किटं आणि चहा यापलीकडे काय देतात, ते त्यांनीच मनाशी आठवावं.

आता मागणी. प्रत्येक मजल्यावर एक छोटी पँट्री द्या. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी, एक इंडक्शन शेगडी, एक किटली आणि दाराशी अग्निशामक, बस्स. २००० वॅटची शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर घेते, म्हणजे १६च्या पॉइंटला आरामात चालते. विजेच्या बिलाची भीती असेल तर तोही हिशोब देते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला एका युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा लागतो.

मॅडम म्हणतात, "पूर्वी पँट्री होती. भांडी कुणी घासेना, झुरळं झाली, शेवटी बंद केली." हा मुद्दा मला खोडता येत नाही. आमच्या खोलीतसुद्धा चहाचे कप दोन-दोन दिवस पडलेले असतात, हे मी छापील लिहून देते. म्हणून अट आपणच घालून घेऊ. रजिस्टरवर नाव लिहिल्याशिवाय शेगडी लावायची नाही. ज्याने केलं त्याने घासायचं. दोनदा घाण सापडली तर त्या मजल्याची पँट्री महिनाभर बंद. आपण प्रोजेक्टसाठी रात्रभर जागतो, मग एक पातेलं घासायला काय हरकत आहे? नाही जमलं, तर पुन्हा मागायला येणार नाही.

आणि पँट्रीत एक वही दोरीने बांधून ठेवू. ज्याला जे येतं ते त्याने त्यात लिहावं, वाटीच्या मापाने. चुकलं तर तेही लिहावं. आपण गेल्यावर येणाऱ्या कुठल्यातरी फर्स्ट इयरच्या मुलाला रात्री साडेनऊनंतर त्याचा उपयोग होईल.

तूर्तास इतकंच. दंड भरला आहे, पावती जपून ठेवली आहे. मॅडम, वर्ष संपताना किटली परत मिळेल असं त्यावर लिहिलंय. पँट्री झाली तर ती मला परत नको, तिथेच ठेवा. तिचं झाकण जरा सैल आहे, पाणी ओतताना वरून बोट धरायचं. वहीच्या पहिल्या पानावर मी पेज लिहिणार आहे, त्याखाली हेही लिहीन.