वाढत्या पायाला सैल स्केट नको

'पाय वाढणारच' म्हणून मुलांचे बूट एक माप मोठे घेण्याचा प्रघात कर्जत–खालापूरच्या घरांतही आहे. इनलाइन हॉकीच्या स्केट्सबाबत ही काटकसर महागात पडते. सैल बुटात टाच उचलली जाते, वळताना घोटा मुरगळतो. मुलाने खेळावयाचे मोजे घालून, नाड्या आवळून सरळ उभे राहावे. बोटे पुढील टोकाला अलगद टेकावीत. गुडघे वाकवताच ती किंचित मागे सरावीत, टाच मात्र जागची हलू नये. बसून पाहिलेले माप फसवे असते.

चाके जागेनुसार निवडावीत. गुळगुळीत बंदिस्त मैदानावर ७४ ते ७८ ए कठीणतेची मऊ चाके उत्तम पकड देतात. सोसायटीच्या खरखरीत सिमेंटवर ती भराभर झिजतात, तेथे ८२ ए वा त्याहून कठीण बरी. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात ओल्या अंगणात मुळीच खेळू नये. पाय घसरतो आणि सोळाही बेअरिंगना गंज चढतो.

चामडे वर्ज्य असलेल्या घरांनी हातमोज्यांच्या तळव्यांचे कापड विचारून घ्यावे. कृत्रिम पर्याय सहज मिळतात. पैसा अपुरा असेल तर स्केट साधे घ्यावेत, जाळीच्या शिरस्त्राणात व नडगी-कोपरांच्या रक्षकांत काटछाट करू नये.