मुठीतला खडा

"सर, या रेझीनमध्ये असतं तरी काय?"

आमच्या शेजारचा पोरगा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कोअर बनवतो. रोज संध्याकाळी लाल डोळे घेऊन घरी येतो. परवा त्याने तुटलेल्या कोअरचा वाळूचा टणक खडा माझ्यापुढे ठेवला. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर. गप्प बसवेना. एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत खडा पाठवून दिला.

घट्ट झालेलं रेझीन विरघळत नाही. म्हणून त्याची चिमूट, हवा लागू न देता, सहाशे अंशांच्या आसपास क्षणात तापवतात. साखळ्या तुटून तुकड्यांची वाफ होते. ती केसासारख्या बारीक, तीसेक मीटर लांब नळीतून सोडतात. जत्रेला निघालेल्या माणसांत कुणी वाटेत रेंगाळतो, कुणी सरळ चालतो. तसे हे तुकडे मागेपुढे होत एकेक बाहेर पडतात. ही क्रोमॅटोग्राफी. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचं वजन करतो. अहवालात ठळक होते ते फिनॉल, वजन 94, आणि क्रेसॉल, वजन 108. म्हणजे हे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीन. जुन्या रेडिओच्या पेट्या ज्याच्या असत, त्या बॅकेलाइटच्या कुळातलं.

मी खुशीत पोराला सगळं समजावलं. तो म्हणाला, "पण सर, डोळे चुरचुरतात ते पिंपातलं रेझीन वाळूत कालवताना. खडा हातात घेतला तर काहीच होत नाही."

मी चुकीचाच नमुना तपासला होता! खड्यावरून रेझीनचं कूळ कळलं. पण डोळ्यांना झोंबणारा फॉर्माल्डिहाइड ओल्या रेझीनमध्ये थोडा मोकळा राहतो आणि हवेत उडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तो माणसात कर्करोगकारक ठरवला आहे. त्यासाठी कामाच्या जागची हवा डीएनपीएच हे रसायन भरलेल्या लहान नळीतून ओढतात. फॉर्माल्डिहाइड त्याला चिकटतो. मग द्रव क्रोमॅटोग्राफीने तो किती आहे ते मोजतात.

आता आम्ही दोघे मालकांना अर्ज लिहितो आहोत. पिंपासोबत येणारा सुरक्षिततेचा कागद दाखवा, हवा तपासून घ्या, वाफ ओढणारा पंखा बसवा.

वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी फौंड्रीत असेल तर डोळ्यांत औषध घालण्याआधी एकदा विचारा, हे डोळे नेमके कुठल्या कामाच्या वेळी चुरचुरतात?