५४ सेकंदांचं सर्किट

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आईचा अंबाजोगाईहून फोन आला. म्हणाली, "अरे, गिझरची पिन फार गरम होतेय. काढायला गेलं की चटका बसतो." मी हिंजवडीत, एका कानात मीटिंग चालू. म्हणालो, "एमसीबी आहे ना? मग काही नाही होत. लोड जास्त झाला तर आपोआप पडेल तो." आई गप्प बसली. मुलगा इंजिनिअर आहे, त्याला कळत असणार.

चार दिवसांनी सॉकेट वितळलं. बाथरूमबाहेरची भिंत हातभर काळी झाली. आईला जळका वास आला, तिने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून पुढचं टळलं. एमसीबी शेवटपर्यंत पडला नव्हता.

वायरमनने जळलेली पिन हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "पिन लूज बसत होती. लूज असेल तिथंच जळतं." त्याचं काम झालं. माझं त्या रात्री सुरू झालं, कारण हा प्रश्न मी आधी सोडवला होता. एकदा नाही, शेकडो वेळा.

बघा. गिझर २००० वॅटचा, घरात २३० व्होल्ट. म्हणजे गिझरचा रेझिस्टन्स साधारण साडेसव्वीस ओहम आणि करंट ८.७ अँपिअर. आता पिन ढिली झाली आणि त्या सांध्यात समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला. हा अर्धा ओहम गिझरच्या सिरीजमध्ये आहे. एकूण रेझिस्टन्स २७, करंट उतरून साडेआठ. त्या सांध्यात तयार होणारी उष्णता किती? साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट. साध्या सोल्डरिंग गनमध्ये साधारण एवढीच ताकद असते. अशी एक गन पिनेच्या आत, प्लॅस्टिकला टेकवून, रोज अर्धा तास चालू ठेवल्यासारखं होतं ते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. तो बघतो करंट आणि करंट तर कमी झालेला आहे! त्याच्या दृष्टीने घरात सगळं छान चाललंय.

बारावीच्या पुस्तकात हेच सर्किट 'सेलचा अंतर्गत रोध' या नावाने असतं. गिझरच्या जागी बाहेरचा रेझिस्टर, ढिल्या पिनेच्या जागी सेलच्या आतला छोटा आर. आत किती पॉवर वाया जाते ते काढा. या चॅप्टरच्या टेस्टमध्ये मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि आईने जेव्हा तोच प्रश्न आकडे काढून, मराठीत विचारला, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. तेही खात्रीने.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं आहे की परीक्षेसाठी आपण सर्किटची गणितं ज्या पद्धतीने सोडवतो, तिच्यात सर्किट कळण्याची गरजच उरत नाही. ही पोरांची आळशी सवय नाही. ती पद्धत आपल्याला पैसे घेऊन शिकवली जाते.

मी लातूरला राहून अकरावी-बारावी केली. क्लासमध्ये दीडशे पोरं, रोज डीपीपी, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर रँक. एक दिवस मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, आय स्क्वेअर आर म्हणतो की आर वाढला की उष्णता वाढते. व्ही स्क्वेअर बाय आर म्हणतो की आर वाढला की उष्णता कमी होते. मग खरं काय?" मला आज वाटतं, त्या दोन वर्षांत त्या वर्गात विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. सर म्हणाले, "सिरीज असेल तर पहिला फॉर्म्युला, पॅरलल असेल तर दुसरा. लिहून घे." वर्ग हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही.

खरं उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली असती. दोन्ही फॉर्म्युले कायम खरे असतात. विचारायचं एवढंच असतं की आर बदलताना दुसरं काय स्थिर राहतंय. गिझर थेट २३० व्होल्टला जोडलेला आहे, म्हणून त्याचा रेझिस्टन्स जितका कमी तितका तो जास्त तापतो. ढिल्या सांध्यातून किती करंट जाणार हे जवळजवळ गिझरच ठरवतो, म्हणून सांध्याचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमचा एक झाला तर तो जवळपास दुप्पट तापतो. एकाच वायरवर, एकाच वेळी, दोन्ही वाक्यं खरी. हे त्या मुलाला सांगितलं असतं तर कदाचित मलाही ऐकू आलं असतं आणि आमची भिंत काळी झाली नसती.

पण पाच मिनिटं कुठून आणायची? सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात वाचायचं, सोडवायचं आणि माउसने पर्याय निवडायचा. विचार करणं ही इथे चैन आहे. मग ट्रिक जन्माला येते.

एक प्रसिद्ध ट्रिक घ्या: 'सिरीजमध्ये कमी वॅटचा बल्ब जास्त उजळतो.' ६० आणि १०० वॅटचे जुने फिलामेंटवाले बल्ब २३० व्होल्टला सिरीजमध्ये जोडा. ट्रिक म्हणते ६०वाला. बरोबर आहे. कागदावर ६०वाल्याला सुमारे २३ वॅट मिळतात, १००वाल्याला १४. आता एवढंच करा: ६०च्या बल्बला समांतर आणखी एक तसाच ६०चा बल्ब जोडा. ट्रिकचं काय झालं? पोरगं पुन्हा ६० वरच टिक करतं. आता मात्र ६०वाले प्रत्येकी १२ वॅटवर घसरलेत आणि १००वाला जवळपास ३० वर चढलाय. ज्याला सर्किट दिसतं त्याला आकडेमोडही लागत नाही. तो म्हणतो, त्या बाजूला आणखी एक वाट उघडली, म्हणजे तिथला रेझिस्टन्स कमी झाला, म्हणजे २३० मधला तिचा वाटा घटला आणि उरलेला १००वाल्याकडे गेला. तीन वाक्यं. ५४ सेकंदांत बसतात. पण ही तीन वाक्यं सुचायला आधी कित्येक तास शांतपणे घालवावे लागतात आणि ते कुठल्याच टाइमटेबलमध्ये नसतात.

दुसरं उदाहरण तर सरळ खोट्याचं आहे. 'करंट नेहमी कमी रेझिस्टन्सच्या वाटेने जातो.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. करंट सगळ्या वाटांनी जातो, जिथे रेझिस्टन्स कमी तिथे जास्त, जिथे जास्त तिथे कमी. फरक बारीक वाटतो, पण माणसाचं शरीर ही त्या वाटांपैकी एक असू शकते. घरात शॉकपासून वाचवायला जी आरसीसीबी बसवतात ती ३० मिलिअँपिअर गळतीवर सर्किट तोडण्यासाठी असते. गिझरच्या लाइनवरचा १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या पाचशेपटीहून मोठ्या करंटपर्यंत स्वस्थ बसतो. 'एमसीबी आहे, शॉक लागणार नाही' असं म्हणणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. त्यातला एक रोज आरशात दिसतो.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांनी १९९७ साली आलेल्या 'पीअर इन्स्ट्रक्शन' या पुस्तकात असाच अनुभव मांडला आहे. त्यांनी एकाच परीक्षेत दोन प्रश्न दिले. एक किरचॉफच्या नियमांचं नेहमीचं, दोन लूपचं आकडेवारीचं गणित. दुसरा साधा: सारखे बल्ब, एक स्विच, स्विच दाबल्यावर कुठला बल्ब उजळेल, कुठला विझेल? मुलांनी अवघड दिसणारं गणित जास्त चांगलं सोडवलं आणि सोप्या प्रश्नात जास्त मार्क घालवले. हार्वर्डच्या पोरांची ही तऱ्हा, तर दीडशेच्या वर्गात रँकमागे पळणाऱ्यांचं काय सांगावं!

आणि ते किरचॉफचे नियम तरी काय आहेत? १८४५ साली त्याने ते मांडले तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. सांध्यात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. आणि घाट चढून-उतरून पुन्हा त्याच गावात आलात तर एकूण चढ शून्य. एवढंच. यातला दुसरा नियम मला दहावीतच कळायला हवा होता, कारण आमच्या मराठी पुस्तकात व्होल्टेजला 'विभवांतर' म्हटलं होतं. शब्दातच 'अंतर' आहे. अंतर दोन ठिकाणांमध्ये असतं, एका ठिकाणी नसतं. तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक का लागत नाही, याचं उत्तर त्या शब्दात आहे. अकरावीत आल्यावर एकसर जोडणीचं 'सिरीज' झालं, रोधाचा 'रेझिस्टन्स' झाला, ते ठीकच. पण विभवांतराचा नुसता 'व्ही' झाला आणि त्यातलं अंतर गळून पडलं. व्ही म्हणजे फॉर्म्युल्यात भरायचा आकडा.

आता मला माहीत आहे, तुमच्यातले काही जण काय म्हणतील. "भाऊ, तू ट्रिकवर पास झालास, पॅकेज घेतलंस आणि आता आम्हाला शहाणपण शिकवतोस. गावाकडच्या पोराकडे दोन वर्षं असतात. त्याला सीट हवी असते, ज्ञान नंतर बघू." हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. माझ्या वडिलांनी क्लासची फी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली होती. ट्रिकने मला सीट दिली, हे खरं आहे. म्हणूनच माझा राग ट्रिक पाठ करणाऱ्या पोरावर नाही. माझा राग पेपर काढणाऱ्यांवर आहे. त्यांना ठाऊक आहे की आकडे बदलून तोच प्रश्न विचारला की तीच ट्रिक चालते, तरी ते वर्षानुवर्षं तेच करतात. आणि ट्रिकलाच 'कॉन्सेप्ट' म्हणून विकणाऱ्यांवर आहे. शिवाय 'ज्ञान नंतर' हे नंतर कधी येत नाही. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, सहा वर्षं नोकरी करतोय. नंतर आलं ते सॉकेट जळाल्यावर.

बोर्डाला एवढं नक्की जमेल: प्रत्येक पेपरात सर्किटवर एक प्रश्न बिनआकड्यांचा. 'गिझरची पिन तापते पण एमसीबी पडत नाही. कारण लिहा.' तीन मार्क. ज्या दिवशी हा प्रश्न येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे क्लास तो शिकवायला लागतील, याची मला खात्री आहे. मार्क दिसले की शिकवणं बदलतं.

तोपर्यंत, यंदा परीक्षेला बसणाऱ्यांनो, एक करून बघा. रोजच्या चाळीस गणितांपैकी चारच घ्या. पेन उचलण्याआधी तोंडाने सांगा: कुठला बल्ब जास्त उजळेल आणि का. मग एखादा रेझिस्टन्स मनातल्या मनात शून्य करा, मग अनंत करा आणि बाकीच्यांचं काय होतं ते बघा. मगच आकडे घाला. उत्तर आलं की सगळ्या रेझिस्टर्समधली पॉवर बेरजेला घ्या. ती बॅटरीने दिलेल्या पॉवरएवढी भरली पाहिजे. अंदाज चुकला तर पान उलटू नका. जिथे चुकलात तिथेच शिकायचं असतं. हे हळू आहे, पण महिनाभराने ५४ सेकंद पुरायला लागतात.

आणि आज घरी गेल्यावर, गिझर अर्धा तास चालल्यावर तो बंद करा, मग पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर वायरमनला फोन करा. एमसीबी पडायची वाट बघू नका.