टिपऱ्यांच्या सुनेची वही



आमच्या शिरोळात चौघीजणी जमल्या आणि मालिकांचा विषय निघाला की गाडी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'वर येतेच. २००१ ते २००४ या काळात ती अल्फा मराठीवर लागायची. आपली जेवणं सूर्यास्ताआधीच उरकलेली, त्यामुळे निवांत बघता यायची. कारस्थानं नाहीत, रडारड नाही. साध्या घरातला विक्षिप्तपणा आणि हसू.

परवाही सगळ्या आबांचं कौतुक करत होत्या. दिलीप प्रभावळकरांचे आबा आपल्याच घरातले वाटतात, त्यात वाद नाही. मूळ 'अनुदिनी' हे पुस्तकही त्यांचंच. पण मला विचाराल तर ते घर चालतं शुभांगी गोखलेंनी केलेल्या सुनेवर. सासरे, नवरा शेखर, शलाका, शिऱ्या, चौघांच्या चार तऱ्हा! रोजनिशी मात्र आबांची. म्हणून घर दिसतं ते त्यांच्या डोळ्यांनी. सुनेच्या हातात वही कुणी दिलीच नाही.

मी हे बोलले तर एकजण म्हणाली, "वैनी, तिला लिहायला वेळ कुठं हाय?" सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

बी.कॉम. झालेली मी, लग्नापासून घरखर्चाची वही लिहिते. पैसा न् पैसा जुळतो. घरी येऊन सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षीची वही काढली. औषधं, दूध, रिक्षाभाडं. बाकी एक ओळ नाही.