धनकोलाच दंड
लष्कर-ग्वाल्हेरमधील ठेवीदार व निवृत्तिवेतनधारकांसाठी पत्रक

बचत खात्यात ठेवलेली रक्कम हे ठेवीदाराने बँकेला दिलेले कर्ज असते. ठेवीदार धनको आणि बँक ऋणको, असे हे नाते कायद्याने ठरलेले आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंना मात्र त्याचा विसर पडला आहे. स्टेट बँकेने जून 2025 मध्ये बचत खात्यावरील व्याज वर्षाला अडीच टक्क्यांवर आणले. तीच बँक त्याच पैशातून घरासाठी कर्ज देताना जवळजवळ तिप्पट दर लावते. बँकेने नफा कमवावा, याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की इतक्या स्वस्तात कर्ज मिळाल्यावरही ते देणाऱ्याकडूनच शुल्क कापले जाते, आणि ते का कापले हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलेही जात नाही.

25 ऑक्टोबर 2011 रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. बँकांमध्ये चुरस लागेल आणि दर चढतील, असे तेव्हा सांगितले गेले. काही छोट्या बँकांनी ते केलेही. ज्या मोठ्या बँकांत लोकांची पेन्शन जमा होते, त्यांचा दर मात्र चार टक्क्यांवरून घसरत अडीचवर आला. चुरस लागण्यासाठी गिऱ्हाईक हलावे लागते, आणि पेन्शनचे खाते सहसा हलत नाही. ही गोष्ट बँकांना पक्की ठाऊक आहे.

पैसा पडून राहू देऊ नये, हे ग्वाल्हेरला नव्याने सांगण्याची खरे तर गरज नव्हती. जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, 1872 साली, दरबाराने आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी 75 लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. 1907 साली स्थापन झालेल्या टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीला पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले, तेव्हा ते सगळेच्या सगळे माधवराव शिंद्यांनी घेतले. दरबाराची ‘दुकान पिछाडी’ नावाची सावकारी पेढी होती. तिच्यातून 1916 साली कृष्णराम बलदेव बँक उभी राहिली आणि 1970च्या दशकात ती स्टेट बँकेत विलीन झाली. म्हणजे या शहराच्या राजांना रोखा म्हणजे काय, मुदत म्हणजे काय आणि व्याज कशाचे मिळते, हे नेमके कळत होते. 1810 नंतर शिंद्यांच्या छावणीबरोबर लष्करात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांनी दरबारात कारकुनी केली, हिशोब लिहिले. राज्य कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे हिशोब ठेवणारी महालेखाकारांची कचेरीही याच शहरात आहे. दुसऱ्यांचा जमाखर्च पै-पैपर्यंत जुळवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या स्वतःच्या पासबुकात तीन-चार लाख रुपये वर्षानुवर्षे अडीच टक्क्यांवर पडून राहावेत, हे अजब आहे.

आता शुल्कांकडे वळू. त्यांतले सर्वांत अन्यायाचे शुल्क म्हणजे किमान शिल्लक न राखल्याचा दंड. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत, त्याच्याकडून ते कमी असल्याबद्दल पैसे घ्यायचे, असा त्याचा अर्थ आहे. स्टेट बँकेने हा दंड एप्रिल 2017 मध्ये पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत 1,771 कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा सुमारे 1,581 कोटी होता. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने त्या तिमाहीभर धंदा करून जे मिळवले, त्याहून जास्त रक्कम तिने आठ महिन्यांत गरिबांच्या रिकाम्या खात्यांतून काढली. ओरड झाल्यावर दंड कमी झाला आणि मार्च 2020 मध्ये रद्द झाला. इतर सरकारी बँका पुढेही तो घेत राहिल्या. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी सुमारे 8,500 कोटी रुपये वसूल केल्याचे केंद्र सरकारनेच जुलै 2024 मध्ये संसदेत सांगितले. 2025च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन आणि बडोदा या बँकांनी तो सोडला. तेव्हा तो इतकी वर्षे कशासाठी होता, याचा खुलासा एकीनेही केला नाही. खासगी बँकांत तो चालूच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतील नव्या खात्यांसाठी दरमहा सरासरी शिल्लक 50,000 रुपये ठरवली आणि टीकेची झोड उठल्यावर दोन आठवड्यांच्या आत ती 15,000 वर आणली. बोललेले ऐकू जाते, एवढे यावरून दिसते.

या दंडालाही नियम आहेत आणि ते ठेवीदाराच्या बाजूचे आहेत. 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार, शिल्लक कमी झाल्याचे बँकेने आधी कळवले पाहिजे आणि ती भरून काढायला किमान एक महिना दिला पाहिजे. दंड जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात असावा. सरसकट ठोक आकारणी चालत नाही. केवळ दंडामुळे खाते शून्याखाली नेता येत नाही. ज्याला ही कटकटच नको, त्याच्यासाठी 2012 पासून प्रत्येक बँकेत मूलभूत बचत खाते आहे. त्यात किमान शिल्लक नाही आणि एटीएम कार्डही मोफत. चालू असलेले बचत खातेही अर्ज करून या प्रकारात बदलून घेता येते. शाखेत मात्र ‘ते खाते फक्त जनधनवाल्यांसाठी’ असे उत्तर मिळाल्याचे लोक सांगतात. ते उत्तर चूक आहे.

बाकीची शुल्के रकमेने लहान असतात, पण नेमाने कापली जातात. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांवरच घ्यावेत, तिमाहीला ठोक रक्कम कापू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगितले आहे. एटीएमच्या बाबतीत महानगरात राहत नसल्याचा ग्वाल्हेरकरांना थोडा फायदा मिळतो. दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून महानगरांत महिन्याला तीन व्यवहार मोफत असतात, इथे पाच. स्वतःच्या बँकेच्या यंत्रातून पाच. त्यापुढे 1 मे 2025 पासून प्रत्येक व्यवहाराला 23 रुपयांपर्यंत आणि वर कर. शिल्लक पाहणे हाही व्यवहारच मोजला जातो, हे पुष्कळांना माहीत नसते. यंत्रातून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली आणि ती पाच दिवसांत परत आली नाही, तर सहाव्या दिवसापासून दररोज 100 रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. ‘न मागता’ हे नियमातच आहे. तरीही मागावी लागते.

शुल्कांपेक्षा मोठे नुकसान मात्र पासबुकात कोठेच छापले जात नाही. ते पडून राहिलेल्या रकमेचे. तीन लाख रुपये बचत खात्यात अडीच टक्क्यांनी वर्षाला 7,500 रुपये देतात. तेच तीन लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांत असते तर 8.05 टक्क्यांनी 24,150 रुपये मिळाले असते. फरक वर्षाला 16,650 रुपयांचा, म्हणजे महिन्याला जवळजवळ चौदाशे. इतक्या रकमेत लष्करातल्या एका घराचे वीजबिल आणि दूध भागू शकते.

हे रोखे 1 जुलै 2020 पासून विक्रीस आहेत. किमान गुंतवणूक 1,000 रुपये, कमाल मर्यादा नाही, मुदत सात वर्षे. व्याज दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला थेट खात्यात जमा होते. दर राष्ट्रीय बचत पत्राच्या दराला बांधलेला असून त्याहून 0.35 टक्का जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. सुरुवातीला तो 7.15 टक्के होता. जुलै 2023 पासून 2025 अखेरपर्यंत 8.05 राहिला. तो उतरूही शकतो, हे ध्यानात ठेवावे. मुद्दल मात्र भारत सरकारच्या हमीवर आहे आणि त्या हमीला वरची मर्यादा नाही. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच असते, तेही फेब्रुवारी 2020 पासून. त्याआधी 1993 पासून ते एक लाखच होते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एकाच लहान बँकेत ठेवणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

रोख्यांचे तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सात वर्षे पैसे अडकतात. रोखा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही. मुदतीआधी फक्त ज्येष्ठांना बाहेर पडता येते: 60 ते 70 वयाच्यांना सहा वर्षांनी, 70 ते 80 च्यांना पाच वर्षांनी आणि 80 च्या पुढे चार वर्षांनी, तेही शेवटच्या सहामाहीचे निम्मे व्याज सोडून. व्याजावर आयकर लागतो. पण 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसल्याने बहुतेक पेन्शनरांना त्याची झळ बसत नाही. व्याजातून कर कापू नये यासाठीचा फॉर्म त्यांनी वेळेवर दिला म्हणजे झाले. आजारपणासाठी लागणारा पैसा मात्र यात कधीही घालू नये. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा एफडीत ठेवून उरलेल्याचाच विचार करावा.

साठी ओलांडलेल्यांसाठी यापेक्षा सोयीची एक योजना आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के दर आहे. व्याज दर तिमाहीला मिळते आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे तोच राहतो. मर्यादा 30 लाखांची. तीन लाखांवर तिमाहीला 6,150 रुपये येतात. महाराज बाड्यावर मोठी टपाल कचेरी आणि स्टेट बँक एकाच चौकात आहेत. पेन्शन काढून बाहेर पडलेल्या माणसाला हे खाते उघडायला चौक ओलांडण्याचीही गरज नसते, कारण ते दोन्हीकडे उघडते.

मग शाखेत गेलेल्या माणसाला हे कुणी सांगत का नाही? कारण साधे आहे. रोख्यांवर बँकेला मिळणारी दलाली जेमतेम अर्धा टक्का असते. विमा पॉलिसी विकली तर पहिल्याच हप्त्यावर त्याच्या कितीतरी पट कमिशन मिळते. म्हणून एफडी करायला आलेला सत्तरीचा गृहस्थ दहा वर्षे हप्ते भरायची पॉलिसी घेऊन घरी जातो. कर्मचाऱ्याला वरून लक्ष्य दिलेले असते, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर काढू नये. पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. पॉलिसी मिळाल्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

सराफा बाजारातली बचत हा वेगळा विषय आहे, पण त्यावर थोडे बोलले पाहिजे. दागिना ही हौस आहे, बचत नव्हे. घडणावळ, 3 टक्के जीएसटी आणि विकतानाची घट यांत भावातली बरीच वाढ जिरते. सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये सुवर्ण रोखे काढले. पहिल्या मालिकेत ग्रॅमला 2,684 रुपये भरलेल्यांना आठ वर्षांनी 6,132 रुपये मिळाले, शिवाय वर्षाला 2.75 टक्के व्याज. फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवी मालिका काढलेली नाही. लोकांना फायदा झालेली योजना सरकारला महाग पडली म्हणून थांबते आणि बँकांना फायदा देणारा दंड वर्षानुवर्षे चालतो, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

एक काम घरातल्यांनीच करायचे आहे. 1886 मध्ये जयाजीराव गेले तेव्हा किल्ल्यावरच्या खजिन्याची गुप्त वाट नऊ वर्षांच्या माधवरावांना कुणी सांगितली नव्हती, अशी कथा ग्वाल्हेरात आजही सांगतात. लष्करातल्या किती घरांत वडिलांची खाती कुठे कुठे आहेत हे मुलांना माहीत असते? दहा वर्षे हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मिळते, पण वारसांना कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात. अशा ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. रोखे आणि टपालातल्या खात्यांवरही नामनिर्देशन नोंदवलेले असले पाहिजे.

बाड्यावरच्या आणि लष्करातल्या सर्व बँक शाखांकडे या पत्रकाच्या मागण्या थोडक्या आहेत. सर्व शुल्कांचा तक्ता हिंदीत, मोठ्या अक्षरात, दारापाशी लावावा. त्याच फलकावर बचत रोखे आणि ज्येष्ठ नागरिक योजनेचे चालू दर असावेत. पासबुकात कपातीपुढे तीन अक्षरी संक्षेप न छापता पूर्ण कारण छापावे. ज्या बँका किमान शिल्लकेचा दंड अजून घेतात त्यांनी तो बंद करावा, आणि नियम मोडून घेतलेला दंड व्याजासह परत करावा.

चुकीची कपात दिसली तर शाखेत तोंडी वाद घालण्यात वेळ जातो. तक्रार लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने करता येते. माहितीसाठीचा दूरध्वनी क्रमांक 14448 आहे. जोडायला शिक्क्याची प्रत आणि कपात दाखवणारे पासबुकाचे पान पुरते.