‘समर्पित पत्नी, प्रेमळ माता’ : या गौरवाचा हिशेब मागू या

ख्रिस्ती घरातली वयस्क बाई वारली की तिच्या स्मरणसभेत काय बोललं जाणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. ती समर्पित पत्नी होती. प्रेमळ माता होती. आयुष्यभर तिने सेवा केली, कधी कुरकुर केली नाही, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. छापील पत्रकावर ती अमक्यांची पत्नी आणि तमक्यांची आई असते. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो, मंडळी डोळे पुसतात, चहा होतो आणि लोक घरोघरी जातात.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं स्पष्ट आहे. अशा गौरवाने बाईची आठवण राहत नाही, ती पुसली जाते. ‘सेवा’ या एका शब्दाखाली तिचे चाळीस-पन्नास वर्षांचे श्रम झाकले जातात. त्याहून वाईट म्हणजे सभेत बसलेल्या सुनांना, लेकींना एक धडा मिळतो : चांगली ख्रिस्ती बाई तीच, जी न मागता राबते आणि न बोलता मरते.

ही सेवा म्हणजे नेमकं काय असतं, ते एकदा नीट पाहू या. मी काम करते त्या भागातल्या एका पाळकांच्या पत्नीचं उदाहरण घेते. नेमणूक पतीची, पगार पतीला. पण संडे स्कूल चालवायची ती. महिला मंडळाची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, बाळंतिणीची सोबत, भांडून माहेरी निघालेल्या सुनेची समजूत, हे सगळं तिच्याकडे. परगावचे पाहुणे उतरले की दहा माणसांचा स्वयंपाक तिचा. स्वतःची चार मुलं होतीच. या कामाची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नव्हती. पती वारल्यावर काही महिन्यांत राहतं घर रिकामं करावं लागलं, कारण घर नोकरीबरोबर मिळालेलं होतं आणि नोकरी तिची नव्हती. शेवटची वर्षं तिने थोरल्या मुलाच्या घरी, त्याच्या सोयीने काढली. तिच्या स्मरणसभेत प्रत्येक वक्त्याने सेवेचा गौरव केला. रिकाम्या केलेल्या घराबद्दल एकानेही शब्द काढला नाही.

ही रीत जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं. मिशनऱ्यांच्या बायका मुलींच्या शाळा चालवत, भाषा शिकत, आजारपणं काढत; त्यातल्या कितीतरी इथेच मातीत गेल्या. पण ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवलं, त्याच्या जुन्या याद्यांत मिशनरी म्हणून नवऱ्याचं नाव असे आणि बायकोची नोंद ‘सहायक’ अशी. याच मिशनमध्ये १८२७ मध्ये सिंथिया फरार या अविवाहित बाई आल्या. मुंबईत आणि पुढे अहमदनगरला १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळांचं काम केलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली होती. फरारबाईंचं नाव आपण आजही त्यांच्या कामाने घेतो. त्यांच्यासारखंच काम केलेल्या कितीतरी लग्नाच्या बायका मात्र नवऱ्याच्या चरित्रातल्या एका ओळीत संपल्या. काम तेच, फरक फक्त कुंकवाच्या धन्याचा!

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. रेव्हरंड टिळकांची पत्नी म्हणून लक्ष्मीबाईंचा गौरव करणं फार सोपं होतं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा बायकोला विचारून झाले नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई नांदायला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हातातला पैसा वाटून टाकणारा, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारा नवरा त्यांनी सांभाळला. अनाथ मुलं पदरात घेतली, वाढवली. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केलं. समर्पित पत्नीचं याहून मोठं उदाहरण कुठे शोधायचं?

पण लक्ष्मीबाईंनी आपला मृत्युलेख दुसऱ्यांच्या हाती ठेवला नाही. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी स्वतः सांगितली. त्यात नवऱ्यावरचं प्रेम आहे, तसा नवऱ्याच्या लहरींचा चोख हिशेबही आहे. घरात किराणा नसताना बाजारात जाऊन दौत घेऊन येणारे टिळक त्यात आहेत. वडिलांचं विक्षिप्त सोवळं आहे, स्वतःच्या मनातली शिवाशिव कशी गळून पडली तेही आहे. राग आहे, हसू आहे, भूक आहे. ते वाचून लक्ष्मीबाईंची भक्ती कुणाला कमी वाटली? उलट १९३० च्या दशकातलं ते पुस्तक आजही वाचलं जातं, कारण त्यातली बाई जिवंत आहे. स्मरणसभेतली कुरकुर न करणारी बाई कुणाच्या लक्षात राहते?

आता त्या एकतिसाव्या अध्यायाकडे वळू. आपल्या सभांमधून तो इतक्या वेळा वाचला जातो, पण नीट ऐकला जात नाही. त्यातली सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते. आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तागाची वस्त्रं विणून व्यापाऱ्यांना विकते. तिच्या तोंडी शहाणपणाचे बोल आहेत, म्हणजे ती बोलते! आणि अध्यायाचा शेवट कशावर होतो? तिच्या हातच्या कमाईचं फळ तिला द्या, आणि तिच्या कामाची वाखाणणी चारचौघांत, गावच्या वेशीत होऊ द्या, या मागणीवर. आपण वाखाणणीचा अर्धा भाग तेवढा उचलला आणि कमाईचा अर्धा भाग सोयीस्करपणे गाळला.

‘सेवा’ शब्दाचंही तसंच. रोमकरांस पत्रात पौल फिबीचा उल्लेख करतो, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘डायकोनोस’ आहे. पौल हाच शब्द स्वतःसाठीही वापरतो. पुरुषाला लागला की या शब्दातून पद निघतं, अधिकार निघतो, पुढे पगार आणि निवासस्थानही निघतं. बाईला लागला की त्यातून फक्त राबणं निघतं. आणि मार्था-मरियेच्या गोष्टीत येशूने बाजू कोणाची घेतली? स्वयंपाकघर सोडून शिकायला बसलेल्या मरियेची. मार्थांवर चालणाऱ्या आपल्या मंडळ्यांना हे वचन अवघड वाटत असावं!

गौरव आणि हक्क यांत किती अंतर असतं, ते कायद्यात दिसतं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. समर्पित पत्नी म्हणून गौरवलेल्या किती जणींपुढे समर्पणाखेरीज दुसरी वाटच नव्हती, याचा विचार करा. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. हे आपोआप घडलं नाही. ख्रिस्ती बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा घडलं.

आईपणाचं काय? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुलं असली, तर विधवेला एक तृतीयांश वाटा मिळतो. अपत्य नसलेला मुलगा वारला, तर त्याच्या विधवेचा वाटा काढून उरलेलं सगळं बापाला. बाप हयात असताना आईला काही नाही! हा भेद काढावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ मध्ये केली. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत कायद्याने आईला शून्य धरलं आणि आपण मदर्स डेच्या उपासनेत तिला गुलाबाचं फूल देतो.

हे फक्त ख्रिस्ती घरांचं दुखणं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष होते शंभरात सव्वीस. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या निकालात याच आकड्यांचा आधार घेऊन गृहिणीच्या श्रमाचं मोल धरलंच पाहिजे असं सांगितलं. न्यायालय निदान मेल्यानंतर तरी हिशेब करतं. स्मरणसभेत आपण तोही करत नाही.

यावर ठरलेले आक्षेप येतात. ‘तिने आनंदाने केलं.’ केलं असेल. आनंदाने केलेल्या कामाचं मोल शून्य होतं, असं पाळकांच्या पगाराबाबत कुणी म्हणतं का? ‘मेलेल्या माणसाबद्दल वाद नको.’ वाद तिच्याशी नाहीच, तिच्या श्रमावर जगलेल्या आपल्या सगळ्यांशी आहे. ‘आधीच अल्पसंख्य समाजावर रोख आहे, त्यात घरची धुणी बाहेर कशाला?’ ही भीती खोटी नाही, आणि आपली टीका उचलून ख्रिस्ती वस्त्यांवर चालून येणाऱ्यांना आपण जागा द्यायचीही नाही. पण समाज सांभाळण्याची किंमत नेहमी बायकांनी गप्प राहून का भरायची? २००१ चा बदल मागणाऱ्या ख्रिस्ती बायकांनी समाज सोडला नव्हता, श्रद्धाही सोडली नव्हती.

म्हणून महिला मंडळांना आणि कार्यकर्त्यांना काही कामं सुचवते. पुढच्या स्मरणसभेत एका बाईला बोलायला उभं करा आणि तिला मृत बाईचं काम मोजून सांगू द्या : किती वर्षं, किती मुलं, किती आजारी, किती ताटं. पत्रकावर बाईचं स्वतःचं नाव, शिक्षण आणि काम आधी छापा. आपल्या मंडळीत पाळकांच्या पत्नीच्या कामाला मानधन आणि वैधव्यात निवारा मिळावा, असा ठराव मांडा. घराच्या कागदावर बाईचं नाव आहे का, मृत्युपत्र केलंय का, हे घरोघरी विचारा. आणि ज्या म्हाताऱ्या बायका आज हयात आहेत त्यांच्यापाशी जाऊन बसा, त्यांच्या तोंडून त्यांचं आयुष्य लिहून घ्या, रागासकट आणि हसण्यासकट.

सेवा केलेल्या बायांबद्दल आपल्याला आदर आहे, म्हणूनच हा हिशेब. एकतिसाव्या अध्यायाची ती शेवटची मागणी अजून थकलेली आहे. ती वसूल करायला त्यांच्या मरणाची वाट कशाला पाहायची?